बारा ते चार

१

मार्च संपत आला की उन्हाळ्याचा अंदाज लिहायचं काम माझ्याकडे येतं. शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देणाऱ्या अमरावतीच्या एका संस्थेत मी नोकरी करते. वरून आलेले आकडे घ्यायचे, नकाशे बघायचे आणि साध्या मराठीत लिहायचं की यंदा आपल्याकडे किती तापणार, वारा कसा राहणार, आगीचा धोका कुठे. अंदाज छापून येतो, फोनवर फिरतो आणि लोक हसतात. "वऱ्हाडात ऊन नाही तं का बर्फ पडन?"

यंदा हसण्यासारखं काही नव्हतं. एप्रिल-मे नेहमीपेक्षा जास्त तापणार होते. त्यात दुपारी पश्चिमेकडून कोरडा वारा सुटणार होता, आणि तो जोराचा. मेळघाटात वणवे लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. धारणीकडची माणसं त्यावर डोळा ठेवून असतात. शहरातल्या आगींकडे मात्र कुणी बघत नाही. म्हणून मी एक परिच्छेद जास्तीचा लिहिला. गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये, एकच दार असलेल्या जागेत दुपारी माणसं बसवू नका. बसवलीच तर दाराला कुलूप लावू नका.

आमचे साहेब पंजाबराव यांनी तो काढून टाकला.

"रागिणीताई, हे आपलं काम नाही. लोक घाबरतात. ऊन सांगा, वारा सांगा, बस."

"साहेब, वाऱ्यानंच आग पसरते."

"तेच म्हणतो. वारा सांगितला ना? मग झालं."

जे छापून आलं त्यात भरपूर पाणी प्या होतं, डोक्याला रुमाल बांधा होतं. आणि दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, हे ठळक अक्षरात होतं. ते वाक्य माझंच होतं. त्याचा पुढे काय उपयोग होणार आहे हे मला तेव्हा माहीत असतं तर मी तेही लिहिलं नसतं.

२

राजापेठेत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि माझी आई कौशल्या. ती शाळेत शिकवायची. आता गुडघ्यांमुळे घरातच असते. गॅलरीत उभं राहिलं की अरुंद गल्लीपलीकडे समोरच गजेंद्र सरांच्या क्लासची इमारत. तिच्या गच्चीवर सरांनी टिनाची शेड टाकून मुलींची अभ्यासिका काढलेली. इमारतीचा जिना गल्लीच्या बाजूला उघडा आहे. तो जिथे गच्चीवर संपतो तिथे लोखंडी चॅनल गेट. ते आमच्या गॅलरीच्या थोडंसं वर, आमच्या डोळ्यांसमोर येतं.

दुपारी आमच्या गल्लीत माणसाचा आवाज नसतो. सगळ्या खिडक्यांतून कूलर घरघरत असतात आणि त्या घरघरीत बाकी सगळं बुडून जातं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला रविवार होता. जेवण झाल्यावर वीज गेली. एकेक करत सगळे कूलर थांबले आणि गल्ली अशी शांत झाली की आईच्या श्वासाचा आवाज मला स्वयंपाकघरात येऊ लागला. तेवढ्यात तो आवाज आला. चॅनल गेट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं की येतो तसा. कुलूप कडीवर आपटत होतं. मधेच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

"काहून वं," आई आतून म्हणाली, "कोनी गेट हालवून राहिलं. आयकू नाही येत का तुले?"

मी गॅलरीचं दार उघडलं. झळ तोंडावर आली. तिच्यासोबत जळल्याचा वास आला, प्लॅस्टिकचा आणि आणखी कशाचा तरी. मी वर बघितलं. गेट बंद होतं. त्याला कुलूप होतं. शेडच्या खिडक्या बंद, आत अंधार. रविवारी अभ्यासिकेला सुट्टी असते.

आवाज येतच होता. पण गेट हलत नव्हतं.

मी बराच वेळ उभी राहिले. कुलूप सरळ लोंबत होतं. गेटच्या एका पट्टीवर चिमणी बसली होती, ती हूं की चूं करत नव्हती. आणि आवाज असा येत होता की आता पट्ट्या निखळतील.

माणसाचं डोकं अशा वेळी लगेच कामाला लागतं. मागच्या गल्लीतल्या दुकानाचं शटर असेल. दोन भिंतींमध्ये आवाज आदळून इकडून आल्यासारखा वाटत असेल. वास कुणी कचरा पेटवल्याचा असेल. मी आत आले आणि आईला तसं सांगितलं.

"शटर कायचं?" आई म्हणाली. "पोरी हायेत त्या. रडून राहिल्या. जाय ना, उघडून दे."

मला रडणं ऐकू आलं नव्हतं. मला फक्त लोखंड ऐकू येत होतं.

३

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दुपारी समोरच्या जिन्याने वर गेले. चॅनल गेट बंद होतं आणि त्याला बाहेरून कुलूप होतं. आत, गेटपलीकडच्या बोळानंतर शेड सुरू होत होती. प्लायवूडच्या खुराड्यांत मुली माना खाली घालून बसल्या होत्या. वर थर्माकोलचं छत, त्यावर तापलेले टिन. भिंतीत दोन मोठे कूलर. बाहेर जायला वाट एकच आणि तिला कुलूप. गेटजवळच्या मुलीने मान वर केली. ही श्रावणी. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून आलेली, आमच्याच इमारतीत खोली घेऊन राहणारी. माझ्याकडे बघून ती हसली आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

मी खाली सरांच्या केबिनमध्ये गेले. गजेंद्र सर गोड बोलणारे आहेत. त्यांनी मला थंड पाणी दिलं.

"कुलूप कशासाठी?" मी विचारलं.

"सेफ्टी, मॅडम. पोरी दुपारी खाली उतरतात, रसवंतीवर जातात. एखादीले ऊन लागलं तं मायबाप कोनाले धरतीन? मले."

"आणि आग लागली तर?"

सर हसले. मोबाइल काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. आमच्या संस्थेचा अंदाज होता तो, ठळक अक्षरांचा. "तुमच्याच ऑफिसनं सांगितलं ना, बारा ते चार बाहेर पडू नका? मी तं तुमचंच ऐकून राहिलो, मॅडम. बारा वाजता कुलूप, चार वाजता उघडा."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. लोकांना जपण्यासाठी लिहिलेलं वाक्य या माणसाने कुलूप म्हणून वापरलं होतं, आणि वर त्याचं श्रेय मलाच देत होता.

"किल्ली कुठे असते?"

"माझ्याजवळ."

"आणि तुम्ही जेवायला घरी जाता तेव्हा?"

"माझ्याच खिशात. मॅडम, टेन्शन कायले घेता? रविवारी तं बंदच असते. काल कोनीच नव्हतं वर."

रविवारबद्दल मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी ते आपणहून का सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी जायच्या आधी मी पुन्हा वर गेटपाशी गेले. आतल्या बाजूचा रंग एका पट्ट्यात फुगून उठला होता. जमिनीपासून माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकी गेट गुळगुळीत. उन्हाने असेल, असं मी मनाला सांगितलं. पण त्या जागी पाण्याच्या टाकीची सावली दिवसभर असते.

४

मग मी तक्रारी सुरू केल्या. ते वर्णन करत बसत नाही, कारण आठवलं तरी डोकं फिरतं. एका टेबलावर सांगितलं, परवानगीचा विषय दुसरीकडे. दुसरीकडे सांगितलं, गच्चीचा विषय आमच्याकडे नाही. तिसऱ्याने पंख्याखाली बसून विचारलं, "पण घटना घडली का, मॅडम?"

"नाही."

"मग?"

हा "मग" मी त्या उन्हाळ्यात इतक्या तोंडांतून ऐकला की मला वाटायचं, या सगळ्यांना एकाच शाळेत तो शिकवला असावा. जणू आग लागली की मी अर्ज घेऊन येणं बरोबर आणि लागायच्या आधी येणं म्हणजे रिकामटेकडेपणा.

फायर ब्रिगेडच्या ठाण्यावर सूर्यभान नावाचे अधिकारी भेटले. वयाने पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे. त्यांनी निदान पूर्ण ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं बरोबर हाये. पन मले गेट तोडाचा अधिकार आग लागल्यावरच भेटते. त्याच्या आंधी नाही."

"म्हणजे मी वाट बघायची?"

त्यांनी ठाण्याचा नंबर कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला.

इकडे आवाज वाढत गेला. पश्चिमेचा वारा सुटला की तो सुरू व्हायचा. आता रविवारीच नाही, रोजच. वीज असली, कूलर चालू असले तरी मला त्या घरघरीतून तो वेगळा काढता येऊ लागला. सगळ्यात वाईट म्हणजे मुली आत असतानाही तो यायचा. मी गॅलरीत उभी असायची. समोर शेडच्या खिडकीतून मुलींच्या खाली घातलेल्या माना दिसायच्या. एखादी वेणी सारखी करायची, एखादी बाटलीतून पाणी प्यायची. आणि त्यांच्यापासून चार हातांवर ते गेट न हलता आक्रोश करत असायचं. एकही मुलगी मान वर करत नव्हती.

जिन्यात भेटल्यावर मी श्रावणीला विचारलं, "दुपारी तुम्हाला काही ऐकू येतं का गं?"

"कूलरचा आवाज येते, काकू. दुसरं काही नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "पन तिथं बसलं की लय रडू येते. सगळ्याइलेच येते. सर म्हनतात, परीक्षेचं टेन्शन हाये."

मी डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घेतले. कान उत्तम होते. आईला मी काहीच सांगत नव्हते, तरी ती पलंगावर पडल्या पडल्या रोज म्हणायची, "उघडलं नाही ना कोनी अजून? काय मानसं हायेत!"

तिला भीती वाटत नव्हती. तिला राग येत होता. मलाही रागच येत होता, आणि त्या रागाच्या आधाराने मी रोज त्या गॅलरीत उभी राहू शकत होते. नुसती भीती असती तर मी केव्हाच खिडक्या बंद करून घेतल्या असत्या.

५

मेच्या शेवटच्या आठवड्यात आकडे आले. पारा सत्तेचाळिसाच्या वर, दुपारनंतर वाऱ्याचे झोत. मी धोक्याचा सगळ्यात वरचा इशारा लिहिला. पंजाबरावांनी एक पायरी खाली आणला. "उद्या गावात मोठा कार्यक्रम आहे, ताई. मंडप घातलाय. लोकांनी यायला नको का?"

त्या दिवशी मी बॅग उचलली आणि कुणाला न सांगता घरी निघून आले. रस्त्यावर चपलेला डांबर चिकटत होतं. विजेच्या तारा वाऱ्याने झुलत होत्या. मनात मी साहेबांना जे जे बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही.

घरात शिरले तर आई पलंगावर उठून बसलेली.

"आज पोरी गप हायेत वं," ती म्हणाली.

मी गॅलरीत गेले. गेटला कुलूप होतं. शेडमध्ये मुलींच्या माना दिसत होत्या. वारा पश्चिमेचा आणि कधी नव्हे इतका जोराचा. पण आवाज नव्हता. वासही नव्हता. दीड-दोन महिने जी कुणी दारावर धडका देत होती ती सगळी जणू दम रोखून कशाची तरी वाट बघत होती. तो आवाज ऐकताना मी घाबरले नव्हते इतकी तो नसताना घाबरले.

मी फोन उचलला. ठाण्यावर सूर्यभानच होते.

"आग लागली आहे," मी म्हणाले. "समोरच्या अभ्यासिकेला. मुली आत आहेत. गेटला कुलूप आहे."

मी धडधडीत खोटं बोलले.

६

गाडी आली. गल्ली जागी झाली. गजेंद्र सर घरी जेवायला गेले होते, किल्लीसकट. सूर्यभान कटर घेऊन जिन्याने धावले आणि त्यांनी कुलूप तोडलं. गेट पूर्ण बाजूला सरकवून त्यांनी मुलींना खाली पिटाळलं. मुली पुस्तकं छातीशी धरून, वैतागत, डोळे बारीक करत उन्हात आल्या. आग कुठेच नव्हती.

"कोनी केला फोन?" सूर्यभान खाली येऊन ओरडले.

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन खोटा होता हे ते माझ्या चेहऱ्यावरून समजले. "मॅडम, हे काय केलं तुमी? तिकडं खरी आग लागली असती तं?"

तोवर सर स्कूटरवरून आले. त्यांचा गोडवा उतरला होता. "बदनामी करून राहिली ही बाई! दोन महिन्यांपासून माझ्या मागं लागली. पोलिसात देतो. चला गं पोरींनो, वर चला."

बघे हसत होते. कुणीतरी मोबाइलवर माझं चित्रण करत होतं. मुली जिन्याकडे वळल्या. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोन्ही हात आडवे करून उभी राहिले.

"कुणी वर जायचं नाही."

"बाजूले व्हा, मॅडम," सर म्हणाले.

"नाही होणार. मला ढकला आणि न्या."

श्रावणी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मग दुसरी एक. सरांनी माझा दंड धरला, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. तो आला तसा गल्लीतला कचरा, पत्रकं, कुणाची तरी ओढणी वर उडाली. डोक्यावरच्या तारा एकमेकींवर आपटल्या. ठिणग्यांचा झुबका शेडच्या कूलरवर पडला. कूलरचं पाणी सकाळपासून कुणी बघितलं नव्हतं, त्याचं गवत वाळून कडकडीत झालं होतं. ते एकदम पेटलं. मग थर्माकोल. मग प्लायवूड. मी अजून सरांच्या तावडीतून हात सोडवत होते आणि वर सगळी शेड धगधगत होती.

"सगळ्या खाली हायेत का?" सूर्यभान किंचाळले.

"सगळ्या," श्रावणी म्हणाली. "सगळ्या, काका. मी शेवटची उतरली."

तेव्हा तो आवाज आला. आणि या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला, कारण सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या.

चॅनल गेट, जे सूर्यभानांनी माझ्यासमोर पूर्ण उघडलं होतं, ते बंद होतं. आणि ते हलत होतं. पट्ट्या आत-बाहेर होत होत्या. धूर दाट होता, त्यामुळे मागे काय आहे ते दिसत नव्हतं. फक्त पट्ट्यांमधून, खांद्याच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं बाहेर आलेली दिसली. मी ती एका क्षणापुरती बघितली. मग धुराने झाकली.

"वाऱ्यानं लोटलं गेट," माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. "वाऱ्यानं, वाऱ्यानं." दोघातिघांनी ते पुन्हा पुन्हा म्हटलं.

सूर्यभान जिन्याने वर धावले. मला त्यांची पाठ दिसत होती. गेटपाशी पोचून त्यांनी एक हात पुढे केला. हात खांद्यापर्यंत धुरात गेला आणि ते तसेच उभे राहिले. खालून त्यांची माणसं हाका मारत होती. ते वळून बघत नव्हते. मग त्यांनी सगळं अंग मागे टाकून हिसका दिला आणि चार पायऱ्या घसरत खाली आले. वर छत कोसळलं.

७

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की क्लासच्या संचालकांच्या प्रसंगावधानाने विद्यार्थिनी बचावल्या. सरांचा फोटो होता. त्याखाली असंही होतं की एका महिलेने आधीच घबराट पसरवली होती. आमच्या संस्थेने माझ्याकडे खुलासा मागितला. पुढे चौकशी बसली.

चौकशीच्या खोलीत एसी होता. टेबलापलीकडे तिघं जण, शेजारी पंजाबराव, एका कोपऱ्यात गजेंद्र सर, दाराजवळच्या खुर्चीत सूर्यभान. राखेत माणसाचं काहीच सापडलं नव्हतं; सगळ्या मुली आपापल्या घरी होत्या. त्यामुळे प्रश्न एकच उरला होता.

"फोन केलात तेव्हा आग नव्हती. मग ती लागणार हे तुम्हाला कसं कळलं?"

मी आवाजाचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर बाकीचं सगळं त्यांनी त्याखाली गाडलं असतं. मी उभी राहिले.

"मार्चमध्ये कळलं होतं. मी लिहिलं होतं. वारा येणार, टिन तापणार, एकच दार, त्याला कुलूप. ते या साहेबांनी काढलं. त्यानंतर मी प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितलं आणि प्रत्येकाने विचारलं, घटना घडली का. आता घडली. आता विचारा ना, मग?"

सर मोबाइल उलटापालटा करत होते. मधल्या माणसाने सूर्यभानांकडे वळून विचारलं, "तुम्ही पोचलात तेव्हा आग होती की नव्हती?"

सूर्यभान उठले. त्यांचा उजवा हात खिशात होता. "होती," ते म्हणाले. "मी पोचलो तवाच होती. म्हनून कुलूप तोडलं. बाईचा फोन खरा होता."

प्रकरण तिथेच मिटलं. माझी नोकरी वाचली. गजेंद्र सरांवर गुन्हा दाखल झाला नाही, आणि हे लिहिताना अजून माझे दात आवळले जातात.

बाहेर आवारात उन्हाचा रखरखाट होता. सूर्यभान त्यांच्या मोटरसायकलपाशी उभे होते. मी आभार मानायला गेले.

"त्याचं राहू द्या," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "पोरी सगळ्या घरी गेल्या ना, मॅडम? तुमी पाह्यलं ना?"

"सगळ्यांच्या घरी मी स्वतः फोन केला. प्रत्येकीशी बोलले."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. त्यावर भाजल्याची एकही खूण नव्हती. ते तो असा धरून होते जसा आपण दुसऱ्याचा हात धरतो.

"एवढ्या जाळात तो हात गार होता," ते म्हणाले. "लहान होता. मले धरून होता, सोडत नव्हता. मी वढलं, पन गेट मधात होतं. वर छत वाजाले लागलं, तं मीच हिसका मारून सोडवला." "सगळ्या पोरी खाली होत्या तं मग मी कोनाचा हात सोडून आलो, मॅडम?"

इतके दिवस माझ्यापाशी प्रत्येक माणसाला सुनावायला काहीतरी होतं. त्यांना सांगायला काहीच नव्हतं. मी म्हणाले, सावलीत चला. ते आले नाहीत. मोटरसायकलवर बसून राहिले, गाडी सुरू न करता, भर दुपारच्या उन्हात. मीही तिथून हलले नाही.